सेल रूमची जागा माझीच

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. शुक्रवारी आमच्या लॅबच्या मुख्य योगिनी मॅडम ज्ञानेशला झापत होत्या की लॅबमध्ये जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. मी दाराबाहेर ट्रे पुसत होते. म्हणजे मी इतकी वर्षं बाटल्या घासल्या त्या झाल्याच नाहीत? म्हणून ही डायरी. नवऱ्याला त्याच्या कारखान्यात, महाळुंग्याच्या प्रेस शॉपमध्ये मिळाली होती, कोरी पडली होती. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण लिहायला काय जातंय. ज्योतीराम. झालं लिहून.

चौथीच शिकले. पण अक्षर ज्ञानेशपेक्षा बरं आहे. तो पीएचडी आहे.

मुद्दा असा. सेल रूमची विजयश्री नोकरी सोडून नाशिकला गेली, तिची जागा रिकामी झाली. सेल रूम म्हणजे आमच्या कंपनीचा गाभारा. आत निळा गाऊन, टोपी, मास्क, थंडगार एसी. बाहेर आम्ही धुणारे, वाफेत उकडून निघतो. मॅडम म्हणाल्या, आत कोण जाणार ते दसरा झाला की ठरवू. त्यात ठरवायचं काय? या कंपनीच्या भिंतीचं प्लास्टर ओलं होतं तेव्हापासून मी इथं आहे. नाव माझंच आहे, जाहीर करायचं तेवढं बाकी.

तोवर सादिकाला आत पाठवतात. दाखवण्यापुरतं. आत्ता आत्ता लागलेली पोरगी, पिंपळे गुरवची. मला तिचं काही नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

निळा गाऊन सादिकाला शोभतो, असं वॉचमन शाहरुख म्हणाला. त्याला विचारलं होतं कुणी? गेट सांभाळ म्हणावं.

आत जायचे नियम म्हणजे बघा. बांगड्या काढायच्या. गजरा नाही, पावडर नाही, मेंदी नाही, हाताला कसलाही डाग नाही. कोपरापर्यंत स्पिरिट चोळायचं. आत बोलायचं नाही, तोंडातून जंतू उडतात. सादिकानं पहिल्याच दिवशी बांगड्या काढून डब्यात टाकल्या. मी म्हटलं, अगं बाई, नवरा धडधाकट आहे ना? तर म्हणाली, ताई, माझा नवरा बांगड्यांवर नाही चालत, रिक्षावर चालतो. सगळे खो खो हसले. मॅडमसुद्धा. एवढं काय होतं त्यात?

मी माझा हिरवा चुडा काढणार नाही. तत्त्वाची गोष्ट आहे. मॅडमना तसं सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, बघू. म्हणजे माझ्यापुरता नियम बदलणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज ज्ञानेशला सरळच विचारलं की त्या खोलीत चालतं काय. जिथं बसायचंय तिथली माहिती नको का? तो डबा खात होता. घास तोंडात ठेवूनच सांगितलं.

सेल म्हणजे पेशी. माणसाच्या पेशी बाटलीत वाढवतात. किडनीच्या. कुणाच्या किडनीच्या, विचारलं, तर म्हणे फार जुन्या आहेत, परदेशातल्या, त्याच वाढत वाढत आल्यात. त्या पेशींच्या पोटात प्रोटीनं असतात, अगणित. परदेशातल्या एका औषध कंपनीला कळायला हवंय की त्यातली ठरावीक दोन प्रोटीनं एकमेकांना चिकटतात का. चिकटत असतील तर आजाराचं मूळ तिथं. मग त्यांना सोडवायचं औषध शोधायचं.

डोळ्यांना दिसतात का म्हटलं. नाही म्हणाला. मग कळणार कसं? तर एका प्रोटीनला निळा दिवा जोडतात, दुसऱ्याला पिवळा. मशीन फक्त निळा पेटवतं. पिवळा त्याला अगदी खेटून असेल तर निळ्याची ताकद त्याला मिळते आणि तो उजळतो. पिवळा उजेड दिसला की समजायचं, दोघं खेटून बसलेत.

दुसरी रीत मण्यांची. बारीक बारीक मणी त्यातल्या एकाच प्रोटीनला पकडतात. मग मणी ओढून बाहेर काढायचे आणि धुवायचे. धुतल्यावरही त्याला जे चिकटून राहिलं ते त्याचं खरं माणूस. कमी धुतलं तर भलतेच लोक मागं मागं येतात. जास्त धुतलं तर खरेही सुटून जातात. आणि नुसते कोरे मणीसुद्धा घालून बघायचे, म्हणजे कोण उगीच चिकटतं ते कळतं. दोन्ही रीतींचं उत्तर एक आलं तर मॅडम मानतात, नाहीतर नाही.

शेवटी म्हणाला, सुमनताई, सगळा खेळ धुण्यावर आहे.

सगळा खेळ धुण्यावर! आणि या कंपनीत सगळ्यात जास्त कोण धुतं? आता बोला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चाकण चौकात बस अडकली होती तेव्हा सुचलं. मॅडम आणि सादिका यांचं आपसात काय आहे ते या रीतीनं काढता येईल. मॅडम तिच्याशी बोलताना हसतात. माझ्याशी बोलताना घड्याळ बघतात. यामागं काहीतरी आहे.

मण्यांची रीत केली. चहाच्या वेळेला सादिकाची बाही धरून तिला ओढत कॅन्टीनला नेलं. बघायचं, कोण चिकटून येतं. मागून ज्ञानेश आला. शाहरुख गेट सोडून आला. स्टोअरची साधना आली. आणि केबिनच्या बाहेर कधी चहा न पिणाऱ्या मॅडम स्वतः आल्या, सादिका, माझ्यासाठी बिस्किटं ठेव गं म्हणत.

म्हणजे कट आहे. सगळे सामील.

मग नियमाप्रमाणे कोरे मणीपण बघितले. म्हणजे मी एकटीच परत जाऊन कॅन्टीनमध्ये उभी राहिले, कोण येतं बघत. बराच वेळ उभी होते. कॅन्टीनचा भीमराज आला. म्हणाला, ताई, कप जागेवर ठेवा आणि जरा सरका, फरशी पुसायचीय.

पण तोवर चहाची वेळ संपली होती, त्यामुळं तो प्रयोग धरायचा नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

नवरात्राचे नियम. एक, कडक उपास. दोन, सादिकाशी मौन. नऊ दिवस एक शब्द नाही. तिला कळू दे.

आज पांढरा रंग. सगळ्या बायका पांढऱ्यात. बसमधून उतरते तर सादिकापण पांढऱ्यात! तोंडातून निघूनच गेलं, तुझं गं काय नवरात्र? म्हणाली, ताई, ग्रुप फोटोत मी एकटीच हिरवी दिसले असते तर तुम्हीच म्हटलं असतं, बघा फोटो बिघडवला. मी म्हटलं, मी कशाला म्हणेन? ती म्हणाली, आत्ता काय म्हणताय मग? साधना फिदीफिदी हसली.

फोटोत सादिका मॅडमच्या शेजारी. मी कडेला. माझा एक हात आणि चुडा आलाय फक्त. चुडा छान आलाय.

मौन उद्यापासून.

उपासाचं म्हणाल तर साबुदाणा वडे भीमराजनं तळले होते, ते उपासालाच चालतात. चारपाच खाल्ले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज मला सेल रूममध्ये सोडलं! ट्रायल. मॅडम म्हणाल्या, एकदा बघू कसं जमतंय. चुड्यावर चिकटपट्टी गुंडाळली, वरून दोन दोन ग्लोव्हज. हात पाववाल्याच्या पावासारखा दिसत होता, पण आत गेले.

आत खरंच गारवा. आणि शांत. बाहेरच्या कंप्रेसरचा धडधडाट अजिबात नाही. एक उबेचं कपाट आहे, त्यात पेशींच्या बाटल्या आडव्या झोपवलेल्या. सादिका रोज त्यांचं जुनं पाणी काढून नवं घालते, त्याला खायला घालणं म्हणतात. मी दार उघडलं आणि बघत राहिले. लेकरं झोपली की पांघरूण निघालंय का म्हणून आपण बघतो ना, तसं. बाळांनो म्हटलं फक्त. जास्त काही बोलले नाही.

कपाट बोंबलायला लागलं. आतला गॅस बाहेर जातो म्हणे, दार उघडं राहिलं की. मला कुणी सांगितलं होतं? सांगितलं असेल, पण मास्कमधून कुणाचं कळतंय. तेवढ्यात सादिकानं माझ्या अंगावरून हात घालून कोपरानं दार लावलं. माझ्या अंगावरून! वर म्हणते कशी, ताई, लेकरांना वारं लागेल.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, सुमनताई, तुम्ही बाहेरचं फार छान सांभाळता.

फार छान म्हणाल्या. म्हणजे निकाल लागल्यात जमा.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज कंपनीत मशीनपूजा. दादासाहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, फूल मार्केटमधून पोतंभर झेंडू आणला. कंप्रेसरला हार, वाफेच्या मशीनला हार, जनरेटरला हार, कंपनीच्या बसला केळीचे खुंट आणि नारळ. पाण्याच्या पंपालासुद्धा हळद-कुंकू लागलं. फक्त सेल रूम आणि दिव्याचं मशीन, ज्यात तो निळा-पिवळा उजेड बघतात, त्यांना काही नाही. मॅडमचा हुकूम, की हार दाराच्या बाहेर, आत हळदीची चिमूटसुद्धा नाही.

आता मला सांगा, ज्या मशीनवर सगळ्या कंपनीचं पोट आहे त्याचंच कपाळ नवमीला कोरं ठेवायचं? मी ताट घेऊन गेले. दारात सादिका. म्हणाली, ताई, ताट बाहेरच. मी म्हटलं, तू मला अडवणार? नवमीला? ती म्हणाली, मी नाही अडवत, बोर्ड अडवतोय. मी म्हटलं, बोर्डाला तोंड नाही, तुला आहे. ती म्हणाली, म्हणून तर मला ठेवलंय.

ताटासकट परत फिरले. सगळ्यांसमोर.

जेवायच्या सुट्टीत दिव्याच्या मशीनची खोली पुसायला गेले. ते माझं कामच आहे. मशीनशेजारी दोन प्लेटी मांडून ठेवल्या होत्या, मोजायच्या तयारीत. वीतभर लांब प्लेट, तिला बारीक बारीक खाने, खान्याखान्यात पेशी. एक प्लेट सादिकानं पुसलेल्या ट्रेमध्ये, वर तिच्या अक्षरात चिठ्ठी. दुसरी मी धुतलेल्या ट्रेमध्ये. माझा ट्रे मी ओळखते, कोपरा पिचलाय.

माझ्या ट्रेमधल्या प्लेटीचं झाकण उचललं आणि चिमूटभर हळद वरून सोडली. इकडून तिकडं, सगळ्या खान्यांवर सारखी. भेदभाव नको. कुंकू नको म्हटलं, लाल दिसलं तर ज्ञानेश बोंब मारेल. हात जोडले. झाकण लावलं.

सादिकाच्या प्लेटीला लावायचं राहिलं. मुद्दाम नाही. हळद संपली होती.

उरलेली हळद पुडीत बांधून घरी आणली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसऱ्याची सुट्टी. आज कंपनीत आले तर ज्ञानेश पॅसेजमध्ये नाचतोय. खरंच नाचतोय. खेटून बसलीत, ताई, खेटून बसलीत, म्हणत माझे दोन्ही खांदे धरून हलवले. माझ्या ट्रेमधली प्लेट पिवळीधमक उजळली! दुसरी, सादिकावाली, काळोख. ठिपका नाही उजेडाचा.

मी मनात हात जोडले.

मॅडमनी एवढंच विचारलं, की कोऱ्या खान्यांचं काय. एका कोपऱ्यात बिनदिव्याच्या पेशी ठेवतात, तिथं अंधारच पाहिजे. ज्ञानेश म्हणाला, बघतो मॅडम, आधी एवढं तर बघा! पेढे आले. परदेशी कंपनीला बुधवारी सांगायचं ठरलं.

मग मॅडमनी सादिकाला बोलावलं. दोन्ही प्लेटी तूच भरल्यास, मग एकीत असं आणि दुसरीत तसं का? काय वेगळं केलंस? ती म्हणाली, काही नाही मॅडम, दोन्हीत सारखंच. मॅडम म्हणाल्या, सारखं असतं तर सारखं आलं असतं. उलगडा होईपर्यंत सेल रूममध्ये जाऊ नकोस.

सादिका माझ्याकडं सिंकवर आली. ॲप्रन बांधला, बाटली उचलली. पेढा तसाच हातात, कागदासकट.

वाईट वाटलं. थोडं.

निळा गाऊन माझ्या मापाचा वेगळा मागवावा लागेल. मॅडमना आठवण करायची.

६ ऑक्टोबर, सोमवार

सादिका सिंकवरच. तिला बाटल्या घासता येत नाहीत. हळूहळू घासते, जसं काही बाटलीला दुखेल. मी दाखवलं कसं जोर लावायचा. तर म्हणाली, ताई, तुम्ही काच घासता का काचेशी भांडता?

नंतर आपणहूनच बोलायला लागली. घरी सासूला, झुलेखाबींना, अजून सांगितलंच नाही म्हणे. सासू आधीच टोमणे मारते. कारण ही सेल रूममध्ये जायला लागल्यापासून हळदीला हात लावत नाही, नखं पिवळी दिसतात म्हणून. मसाला सासू वाटते, फोडणी सासू घालते, आणि वरून म्हणते, तुझी कंपनी आहे का दर्गा? आता एवढं करून आतच जायचं नसेल तर कुठल्या तोंडानं सांगू, म्हणाली.

मी म्हटलं, बाई, हळद काय घाण आहे का? एवढे नखरे आमच्यानं नाही होणार. ती बाटली घासत राहिली. आता जोरात घासत होती.

दुपारी तिच्या डब्यातली शेवयांची खीर दिली मला. घेतली. वाया घालवण्यात अर्थ नाही. गोड जरा जास्तच होती. वाटी पुसून दिली.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस नीट लिहायचा. माझ्या आयुष्यातला मोठा दिवस आहे.

सकाळपासून लॅबमध्ये सुतक. ज्ञानेशनं मण्यांची रीत केली होती. मणी ओढले, धुतले, तर त्यांना चिकटून काहीच आलं नाही. प्लेट नव्यानं भरली, तीही काळोख. आणि मॅडमनी पहिल्या प्लेटीचे आकडे स्वतः काढून बघितले तर कोऱ्या खान्यांतसुद्धा तेवढाच उजेड. जिथं दिवेच नाहीत तिथं! ज्ञानेशचं तोंड पांढरंफटक. संध्याकाळी परदेशी कंपनीचा फोन.

सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. मीपण गेले, कप उचलायला. मॅडम म्हणाल्या, त्या एका प्लेटीत काहीतरी वेगळं पडलंय. सादिका, आठव. तो उजेड तुझ्या हातून झालाय.

तो उजेड सादिकाच्या हातून!

माझ्या अंगाची लाही झाली. बाटल्या मी घासायच्या, ट्रे मी धुवायचा, हळद मी वाहायची आणि उजेडाचं नाव सादिकाचं? कप खाली ठेवले आणि म्हटलं, मॅडम, माफ करा, पण तिचा काही संबंध नाही. तो माझ्या हाताचा गुण आहे.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मॅडम म्हणाल्या, म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे नवमीला मी त्या प्लेटीला हळद वाहिली. या नव्या प्लेटीला कुणी वाहिली का? नाही. मग उजळेल कशी?

ज्ञानेश मटकन खुर्चीत बसला. म्हणाला, हळद? प्लेटमध्ये? मी म्हटलं, विश्वास नसेल तर करून दाखवते. पर्समधून पुडी काढली. तुम्हीच म्हणता ना करून दाखवा तर खरं. सगळे माझ्यामागं दिव्याच्या खोलीत. मॅडम, ज्ञानेश, साधना, सादिका, शाहरुखसुद्धा. चिकटून आले सगळे! कोरी करकरीत प्लेट घेतली. पेशी नाहीत, प्रोटीन नाही, दिवे नाहीत, नुसतं पाणी. चिमूटभर हळद सोडली. ज्ञानेशनं ती मशीनमध्ये घातली.

लख्ख पिवळी! पहिल्यापेक्षा जास्त!

मी म्हटलं, बघा.

कुणी काही बोललं नाही. इतका मान मला या कंपनीत आजवर मिळाला नव्हता. मॅडम भिंतीला टेकल्या आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. त्यांना भरून आलं असणार, खांदे हलत होते. ज्ञानेशनं डोकं टेबलावर ठेवलं.

सादिका माझ्याकडं बघत होती. डोळे मोठे करून. आता कळलं असेल तिला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ज्ञानेशनं समजावून सांगितलं. हळद मुळातच तशी आहे. तिच्यावर निळा उजेड पडला की ती आपली आपणच पिवळी चमकते, अगदी त्या दिव्यांसारखी. मशीनला वाटतं दोघं खेटून बसलेत. तिथं बसलेलं कुणीच नसतं. ती दोन प्रोटीनं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. परदेशी कंपनीला तसंच कळवलं. एवढं सांगून म्हणाला, ताई, मी पेढे वाटले हो. मी म्हटलं, पेढे चांगले होते.

म्हणजे गुण हळदीचा. पण सोडली कुणी?

दादासाहेबांनी बोलावून लेखी समज दिली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाचं पत्र निघालं, टाइप केलेलं. सेल रूमच्या दारावर नवीन बोर्डपण लागला. हळद, कुंकू, अक्षता, गुलाल, अंगारा आत आणू नये. एवढा मोठा. आजवर कुणाच्या सांगण्यावरून कंपनीनं बोर्ड लावलाय? माझ्यामुळं लागला.

सेल रूमला सादिकाला पर्मनंट घेतलं.

मॅडमनी मला वेगळं बसवून सांगितलं. घड्याळ न बघता. म्हणाल्या, तुम्ही बोलला नसता तर त्या पोरीवर ठपका राहिला असता, तेवढ्यावर मी तुम्हाला लॅबमध्ये ठेवतेय. पण सिंकच्या पुढं यायचं नाही. मी म्हटलं, बरं.

सादिका बाहेर थांबली होती. म्हणाली, ताई, तुमच्यामुळं वाचले. मी म्हटलं, असू दे, असू दे. मी केलं नसतं तर कुणी केलं असतं?

बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. डोळ्यांत धूळ जाते हल्ली, रस्त्याचं काम चालू आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नवीन पद्धत. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे हात दारात बॅटरीनं तपासायचे. जांभळ्या उजेडाची बॅटरी आहे, हळद असेल तर चमकते. बॅटरी सादिकाच्या हातात. माझ्यावरून निघालेली पद्धत, आणि बॅटरी तिच्या हातात.

जेवणानंतर सादिका सिंकवर आली. म्हणाली, ताई, माझ्या सुट्टीच्या दिवशी आत कुणीतरी लागतं. मॅडमना मी विचारलंय तुमच्यासाठी. बघू म्हणाल्या. पण चुडा काढावा लागेल. तुमचं तत्त्व आहे, मला माहितीय. बघा बाई.

आता इथं लिहून टाकते, कोण वाचतंय. तत्त्व वगैरे काही नाही. चुडा निघत नाही. पुतणीच्या लग्नात भरला, त्यानंतर हात सुजत गेला. रोज पाण्यात. विजयश्री गेली त्याच दिवशी साबण लावून बघितला होता. तेल लावून बघितलं. नाही निघाला. म्हणून तत्त्व.

सादिकाला म्हटलं, तत्त्व सोडते तुझ्यासाठी, पण घाई करू नको. तिला काय समजायचं ते समजलं. तिनं एक ग्लोव्ह माझ्या हातावर चढवला, मनगटापर्यंत, आणि त्यावरून बांगडी सरकवायला लागली. म्हणाली, आमच्या गल्लीतल्या बांगडीवाल्या प्लास्टिकच्या पिशवीवरून अशाच काढतात. ढिला सोडा हात. अंगठा आत घ्या. सुमनताई, हात ढिला सोडा म्हटलं ना, माझ्याशी काय भांडताय!

ढिला सोडला. एक निघाली. मग दुसरी. एकही फुटली नाही. सगळ्या तिच्या ओढणीच्या टोकात बांधल्या आणि मला दिल्या. मनगटाला पांढरा पट्टा पडलाय, दुसऱ्याच बाईचा हात वाटतो. सादिका तो पट्टा जरा चोळत बसली. मी चोळू दिला.

मग तिनं बॅटरी काढली. म्हणाली, चला, तपासून टाकू. जिन्याखाली अंधारात नेलं. आधी स्वतःच्या हातावर मारली, काही नाही, काळोख. मग माझ्या.

नखं पिवळी. बोटांच्या रेघा पिवळ्या. तळव्याच्या भेगा नि भेगा पेटल्या, नकाशातल्या नद्यांसारख्या. सकाळी तीनदा साबण लावला होता.

सादिकानं बॅटरी बंद केली. हसेल वाटलं. नाही हसली. म्हणाली, ताई, थोडे दिवस हळदीला हात लावू नका. जाईल. माझीपण गेली.

घरी येऊन ज्योतीरामला सांगितलं की आजपासून स्वयंपाकात मी हळदीला हात लावणार नाही. तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, पांढरं पिठलं मी खाणार नाही. मी म्हटलं, चमच्यानं घालीन. घालणारच. मनात आणलं तर काय अवघड आहे? दिवाळी उरकली की सादिकाच्या सुट्टीला मी आत, निळ्या गाऊनमध्ये, एसीत. ठरलं.

पिठलं केलं. हळद चमच्यानं घातली. चमच्यानं काही अंदाज येईना. मग चिमटीनं घातली.